नाही म्हटलेलं पाणी

डॉक्टर म्हणाले, "काका, दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्यात. आता डायलिसिसला पर्याय नाही." मी काय केलं, तर पिशवीतली पाण्याची बाटली काढून ह्यांच्या हातात दिली. वाईट बातमी ऐकलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, एवढंच मला सुचलं. डॉक्टरांनी ते पाहिलं आणि सावकाश म्हणाले, "काकी, ह्यापुढे सगळ्यात जास्त पाण्यालाच जपावं लागेल."

रिपोर्टात क्रिएटिनिनचा आकडा फार वर गेला होता. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला एक कचरा; किडनी धड असली की तो लघवीवाटे निघून जातो. ह्यांचा साचत होता. वर्षानुवर्षांच्या ब्लडप्रेशरने किडन्या पोखरल्या, आणि पायावरची सूज आम्ही उन्हाची म्हणून सोडून दिली. तुमच्या घरात कुणाच्या पायावर बोट दाबल्यावर खड्डा राहत असेल तर आधी रक्त-लघवी तपासून घ्या. माझी किडनी द्यायला मी एका पायावर तयार होते, पण मला मधुमेह. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत नको म्हणून सांगितलं.

डायलिसिस म्हणजे रक्त बाहेर काढून, यंत्रातून धुऊन परत अंगात सोडायचं. आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चारेक तास. त्यासाठी हाताला फिस्टुला करतात, म्हणजे शीर आणि धमनी एकत्र जोडून सुया टोचण्यापुरती जाड नस तयार करतात. सुयांना हे घाबरले नाहीत. अळणी भाजी तोंड वाकडं करून का होईना, खाल्ली. जन्मभर सुकटीवर वाढलेल्या आगरी माणसाने सुकट सोडली, याहून मोठं तप मला तरी माहीत नाही. फक्त तहान त्यांना आवरेना.

लघवी होत नाही म्हणजे प्यायलेलं पाणी अंगातच राहतं. आधी पायांत, मग पोटात, शेवटी फुप्फुसात. ह्यांना दिवसाला लिटरभराच्याही आत भागवायचं होतं, तेही चहा, वरण, ताक सगळं धरून. तिथल्या नर्सने मला एक युक्ती शिकवली. सकाळी दिवसाचं पाणी एका बाटलीत भरायचं. चहा दिला की तेवढं पाणी बाटलीतून तुळशीला घालायचं. उरलं ते आपलं. तुमच्या डॉक्टरांनी तुमचं माप ठरवून दिलं की हे करून बघा.

पण आमचं घर कसलं, ते सांगायला हवं. पनवेलहून डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्याला आम्ही राहतो. वीटभट्टीवर कामाला जाणारी कातकरी माणसं आमच्या दारावरून चालत जातात. त्यांच्यासाठी सासूबाईंनी फाटकाबाहेर कट्टा बांधून त्यावर तोटीचा माठ ठेवला होता. "पान्याला कुनाला नाय म्हनू नये," एवढंच त्यांचं शास्त्र. त्या गेल्यावर माठ हे भरू लागले. बंदरात क्रेन चालवायचे तेव्हाही पहाटे माठ भरल्याशिवाय ड्युटीला गेले नाहीत. अशा घरची मी सून, आणि आता नवऱ्याच्या हातातला पेला काढून घेणं हे माझं काम झालं.

डायलिसिसच्या आधी वजन करतात. दोन खेपांच्या मधे वाढलेलं वजन म्हणजे साचलेलं पाणी. ह्यांचं वजन दर वेळी जास्त भरायचं. डॉक्टर विचारायचे, "काका, पाणी जास्त होतंय का?" हे शाळेतल्या पोरासारखे मान हलवून नाही म्हणायचे. मी स्वयंपाकघरावर पहारा ठेवला. आणि एका सकाळी खिडकीतून पाहिलं तर हे माठ भरताहेत, आणि घराकडे पाठ करून पहिला पेला स्वतःच पिताहेत. केवढ्या सुखाने पीत होते! माझ्याने हाक मारवली नाही.

त्या गप्प बसण्याचं मला अजून वाईट वाटतं. चार दिवसांनी दुपारी त्यांना आडवं झोपता येईना, श्वास पुरेना. पल्मनरी इडिमा, म्हणजे फुप्फुसात पाणी भरलेलं. तातडीने डायलिसिस केलं म्हणून वाचले. मी बाहेरच्या बाकावर बसले होते आणि सगळा राग त्या माठावर निघत होता. ह्यांना घरी आणायच्या आधीच मी माठ उचलून मागच्या पडवीत पालथा घातला.

दोन दिवसांनी भट्टीवरून परतताना कातकऱ्यांची सोमी थांबली. लहानपणी आईच्या कडेवर बसून ती ह्याच माठाचं पाणी प्यायलेली आहे.

"बाय, माठ फुटला काय?"

मी हो म्हणाले. आतून तांब्या आणून तिला पाणी दिलं, पण तिने माझा चेहरा वाचला असणार. दुसऱ्या दिवसापासून बायका फाटकाकडे न बघता पुढे जाऊ लागल्या. ओटीवर बसून हे बघत होते. शेवटी एका संध्याकाळी म्हणाले, "माजं पानी बंद केलंस, बरोबर केलंस. लोकांचं कशाला बंद केलंस?"

मला रडू फुटलं. मी म्हणाले, तुम्ही मला हवे आहात, लोकांचं लोक बघतील. बोलले आणि सासूबाई समोर उभ्या असल्यासारखी माझी मान खाली गेली. मला दोन्ही हवं होतं. लग्न झाल्यापासून ज्याचा अभिमान मिरवला ते दारही हवं होतं, आणि हा माणूसही.

पुढच्या खेपेला डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "काकी, माठ उचलाल, घरातला नळ कुठे उचलणार? त्यांचं माप त्यांनाच ठेवू द्या. कधी चुकतील. दम लागला तर मात्र तासभरही थांबू नका." त्यांनी मला पहाऱ्यावरून उतरवलं, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. भीती काही उतरली नाही.

माठ परत कट्ट्यावर आहे. हेच भरतात. मी त्या वेळी मुद्दाम मागच्या अंगणात जाते. वजन कधी बरोबर येतं, कधी येत नाही, आणि मी विचारत नाही.

संध्याकाळी हे कट्ट्यापाशी खुर्ची टाकून बसतात. सोमीला त्यांनी स्वतः हाक मारून थांबवलं, तेव्हापासून ती पुन्हा थांबू लागली. ती घटाघटा पिते, हे तिच्याकडे बघत राहतात. घोट ती घेते आणि कंठ ह्यांचा हलतो. मला बघवत नाही. मी बाटलीतलं थोडं पाणी तुळशीला घालते, वाटीत तेवढाच बर्फाचा खडा घेते आणि जाऊन त्यांच्या हातावर ठेवते. ते तोंडात टाकतात, डोळे मिटतात. ज्या घरात पाण्याला कुणाला नाही म्हणत नाहीत, त्या घरात मला नवऱ्याला एवढंच देता येतं.