व्याह्यांचं ‘नाही’

माझी सून शालू अमरावतीला कॉम्प्युटर शिकली, आणि सत्त्याऐंशी साली लग्न होऊन आमच्या पिंपळगाव राजात आली. गावात तेव्हा मशीन म्हणजे पिठाची चक्की. शिकलेलं विसरू नये म्हणून ती जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर प्रोग्राम लिहायची. चालवून पाहायला मशीन नव्हतं, म्हणून मशीन मी.

मी दुसरी नापास. पण मशीनला शिक्षण लागत नाही म्हणे. सांगितलं तेवढंच करायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. सासूला हे पटवणारी सून जिल्ह्यात एकच.

ओळींना नंबर असायचे. मध्येच ती म्हणायची, “गोटू दहा.”

“हा गोटू कोण वं?”

“कोणी नाही, आत्याबाई! दहा नंबरच्या ओळीवर परत जा, असं सांगते मशीनले.”

एकदा भाकरी उलटायच्या प्रोग्रामात थांबायची ओळच राहिली. मी उलटतच बसले. भाकरीचा कोळसा झाला आणि शालू हसून हसून चुलीपाशी लोळली.

दोन वर्षं अशी गेली. मग खामगावात नवा कॉम्प्युटर क्लास निघाला. शिकवायला बाई पाहिजे होती. सोमवारी मुलाखत, फळ्यावर प्रोग्राम लिहून दाखवायचा. शालूचं तोंड उतरलं.

“सराव मोडला असंन माहा. ही संधी गेली तं मंग जलमभर भाकरीच.”

मी म्हटलं, “उद्या रविवारी व्याही जेवाले येऊन राह्यले. पुरणपोळी वाढाचा प्रोग्राम लिव्ह.”

तिनं लिहिला. दहा, पोळी वाढा. वीस, “आणखी?” विचारा. तीस, नाही म्हणाले तर थांबा. चाळीस, गोटू दहा.

जळगाव जामोदचे उकंडराव, माझ्या लेकीचे सासरे, पाटावर बसले. मी एक पोळी वाढली. संपल्यावर विचारलं, “आणखी?”

“नाही नाही, बस!”

मी थांबले. तुपाची वाटी हातात धरून खांबासारखी उभी. उकंडरावांनी रिकाम्या ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग आढ्याकडे.

“इहीनबाई, पुरण सरलं काय?”

“पुरण हाये. मले पुढची ओळ नाही.”

आतून शालू पदर तोंडात कोंबून बाहेर आली. मी तिच्या कानात सांगितलं, “अवं, पाहुण्याचं तोंडाचं ‘नाही’ धरू नोको. ताटावर आडवा झाला, तं ते खरं ‘नाही’.”

तिनं उभ्या उभ्या तिसावी ओळ बदलली. उकंडराव सहा पोळ्या जेवले, सातवीला ताटावर पालथे पडले.

सोमवारी तिनं फळ्यावर हाच प्रोग्राम लिहिला. पुण्याचे एक साहेब म्हणाले, “नाही म्हटल्यावरही वाढायचं? इथे चूक आहे.”

शेजारचे खामगावचे सर खो खो हसले. “साहेब, तुम्ही आमच्याकडे जेवले नाही अजून!”

बुधवारपासून या, म्हणाले तिला. स्टँडपासून ती पळत घरी आली आणि आम्ही सासूसुनांनी भर अंगणात फुगडी घातली. शेजारची अंबूबाई धावत आली. “काय झालं वं? नातू होणार हाये काय?”

“मोठी बातमी हाये, अंबू! खऱ्या मशीनवर बसणार हाये माही सून!”