सोनेरी काठाची कपबशी

नोकरीसाठी पहिल्यांदा गाव सोडलं त्या दिवशी, वडवणीच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली तेव्हा आईने खिडकीतून भाकरीचं गाठोडं आत दिलं आणि म्हणाली, "जा, पर घरी येताना पाव्हण्यावानी येऊ नको." मला तेव्हा रागच आला. आपल्याच घरी कोण पाहुण्यासारखं जातं?

या दिवाळीत बायकोला आणि मुलीला, सईला, घेऊन चार दिवस गेलो. सईला माझं गाव दाखवायचं वर्षभर मनात होतं. पण दाखवणार काय? घरात फरशी आली, गॅस आला, बैल केव्हाच विकले. सई पहिल्याच दिवशी मोबाइल घेऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, हे तर आपल्या फ्लॅटसारखंच आहे." शेवटी कळलं की बीडच्या रस्त्याला कुणीतरी जुनं गाव उभं केलंय, माणसांसकट. मग आईलाही गाडीत घालून, गावातून निघून, तिकीट काढून आम्ही गाव बघायला गेलो. गावाकडच्यांनो, हसू नका.

आत सगळं होतं. सारवलेलं अंगण, जातं, मोट, आणि आडोशाला जाऊन फोनवर बोलणारा मुंडाशातला पाटील. सई हरखून गेली. जात्यावर बसली, सेल्फी काढले. मला जे तिला दाखवायचं होतं ते परकी माणसं दाखवत होती आणि मी मागून तिची सॅक सांभाळत फिरत होतो. माझी नुसती चिडचिड चालली होती.

एका ओसरीवर नऊवारीतली बाई येईल त्याला तांब्याभर पाणी देत होती. माझ्यापुढेही तांब्या आला. "या पाव्हणं, बसा. लई लांबून आलाव?"

मागून आई पुढे झाली. "मालन, तू हितं?"

नेकनूरची मालनमावशी, आईची चुलत बहीण. माझ्या लहानपणीच्या कितीतरी सुट्ट्या तिच्या घरी गेल्या.

"रोजानं येते की बसनं," मावशी म्हणाली.

"आन् ह्याला पाव्हणं कावून म्हणतीस? आपला सुरेश हाय ह्यो."

मावशीने मला खालून वर न्याहाळलं. "बया! मला वाटलं, पुण्याचंच हाय कुणीतरी."

सगळे हसले. मीही हसलो, पण दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही. तिच्यावर राग धरायचा तरी कसा? ती तिचं काम करत होती.

संध्याकाळी घरी चहा झाला. सगळ्यांना स्टीलचे ग्लास. माझं नाव कोरलेला ग्लास आईने सईला दुधासाठी दिला. माझ्यापुढे आली सोनेरी काठाची कपबशी. लहानपणी आम्हाला तिला हात लावायची मुभा नव्हती, ती पाहुण्यांसाठी वरच्या फळीवर असायची.

"आई, मला ग्लासातच दे ना."

"आसू दे. चार दिसापुरता येतूस, नीट बसून पी."

स्टँडवरचं तिचं वाक्य तिला आठवत नसावं. स्टुलावर चढून, धुऊन-पुसून, किती आनंदाने काढली होती ती कपबशी तिने. मला भांडायचं होतं, भांडता आलं नाही. पुण्यात अजूनही कुणी विचारलं की मी घर म्हणून वडवणीच सांगतो, आणि पुढेही तेच सांगेन.

चहा संपवून मी कपबशी विसळायला उठलो. आईने ती माझ्या हातातून काढून घेतली.