खडूवरची ओली रेघ
परवा माळ्यावरच्या जुन्या कंदिलाला रॉकेलचा वास आला आणि वडिलांचं उद्यमनगरातलं वर्कशॉप आठवलं. भावाला जीपचं वेड होतं. चिखलात हवा कमी केली की टायर चाकावरून निसटतो, म्हणून त्यानं अलॉयच्या चाकांना बाहेरून जाड रिंगा वेल्डिंग करून आणल्या होत्या. टायरची कड त्यांत बोल्टांनी आवळायची. हातात नारळ घेऊनच तो आला. "फोडू काय?" त्यानं विचारलं. "थांब की जरा," वडील म्हणाले. त्यांनी वेल्डिंगवर रॉकेल चोळलं, थोड्या वेळानं कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड लावली. चीर असेल तर मुरलेलं रॉकेल वर येतं, म्हणाले. आम्ही तिघं उकिडवे बसून त्या पांढऱ्या कडेकडं बघत राहिलो. एका चाकावर केसाएवढी ओली रेघ हळूहळू उमटली आणि रिंग सोडून थेट चाकात शिरली. "ह्याच्यावर हायवेनं कागलला जाणार हुतास न्हवं?" वडील म्हणाले. संध्याकाळी त्या नारळाची चटणी झाली. आजही नवी गाडी आली की नारळ फोडण्याआधी भाऊ चाकांपाशी उकिडवा बसतो. लोकांना वाटतं, पाया पडतोय.