वहिनींचा व्हिसा

"कशा आहात, वहिनी?" असं कुणीही विचारलं की त्या उजवा हात हवेत हलवून म्हणायच्या, "सध्या आहे."

आम्ही गाझियाबादच्या या सोसायटीत राहायला आलो तेव्हा मला वाटलं, बाईंचं मराठी कच्चं असावं, 'बरी आहे' म्हणायचं असेल. पण तुम्ही त्यांना बोलताना ऐकलं असतंत तर चाटच पडला असतात. मराठी पक्कं होतं, कच्चा होता तो मुक्काम. त्या मूळच्या मनिलाच्या. नवरा पुण्याचा इंजिनियर, कंपनीच्या कामासाठी तिकडे गेला आणि लग्न करूनच परतला. तेव्हापासून त्या इथं व्हिसावर राहत होत्या. मुदत संपत आली की वाढवून घ्यायची. म्हणून 'सध्या'.

मराठी त्या सासूबाईंकडून शिकल्या. दिल्लीत वाढलेल्या माझ्या मुलीला 'फडताळ' म्हणजे काय हे मी नाही, वहिनींनी सांगितलं. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, कानांनी कमी, आवाजानं खणखणीत. रविवारी सून चर्चला निघाली की दारापर्यंत येऊन बजावत, "माझ्या गुडघ्यांचंही सांग गं त्याला!"

मग एका सकाळी ऑफिसला निघताना, बूट घालता घालता, वहिनींचे यजमान कोसळले आणि गेलेच.

दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, तेव्हा वहिनी पासपोर्ट घेऊन माझ्याकडे आल्या. मी केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे मला सगळ्याच सरकारी गोष्टी कळतात असा सोसायटीचा समज.

"यात लिहिलंय, भारतीय नागरिकाची पत्नी," त्या म्हणाल्या. "आता मी कोण?"

आम्ही दोघींनी करोल बागेतल्या एका व्हिसा एजंटला गाठलं.

"सिंपल है मॅडम. अपने देश जाइए, वहाँ से नया वीज़ा लेके आ जाइए."

"और नहीं मिला तो?" वहिनींनी विचारलं.

तो मोबाईलमध्ये बघायला लागला.

स्वतःचे वडील गेले तेव्हाही वहिनी मनिलाला गेल्या नव्हत्या. तेव्हा मुदत संपत आली होती आणि परत येऊ देतील की नाही याची धास्ती होती. आता तर सासूबाईंना एकटं टाकून जायचा प्रश्नच नव्हता. मग आम्ही इथूनच मुदतवाढीचा अर्ज ऑनलाइन भरला. उत्तर आलं, पतीसह उपस्थित राहावे. मृत्यूचा दाखला जोडून पुन्हा पाठवला. पुन्हा तेच, पतीसह उपस्थित राहावे.

वहिनी स्क्रीनकडे बघत राहिल्या आणि एकदम हसत सुटल्या. "हे जिवंत असताना तरी कुठं वेळेवर पोचले होते?" हसता हसता त्यांनी ओढणी डोळ्यांना लावली.

त्या दिवसांत बेल वाजली की सासूबाई आधी विचारत, "पोलीस आहेत का?"

शेवटी परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयात प्रत्यक्ष भेटीची वेळ मिळाली. सासूबाई हटूनच बसल्या. "नवऱ्यासकट बोलावलंय ना? मग त्याची आई येते." कॅबच्या डिकीत व्हीलचेअर घालून आम्ही तिघी निघालो.

समोरचा अधिकारी तरुण होता, कागद मन लावून वाचत होता. "मॅडम, हज़्बंड नहीं रहे, बच्चे नहीं हैं. यहाँ आपका कौन है?"

"काय म्हणतोय तो?" सासूबाईंनी सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं.

वहिनी त्यांच्या कानाशी वाकल्या. "विचारतोय, इथं माझं कोण आहे."

"त्याला म्हणावं, उलटं विचार. इथं माझं कोण आहे ते विचार."

वहिनींनी सासूबाईंचा हात घट्ट धरला. मग मीच ते हिंदीत सांगितलं.

त्यानं पेन खाली ठेवलं. "अम्माजी को हिंदी नहीं आती?"

"बिल्कुल नहीं," वहिनी कशाबशा म्हणाल्या. "मैं ही बताती हूँ सब कुछ."

"मतलब इंडियन ये हैं, और ट्रान्सलेशन आप कर रही हैं!" तो हसला आणि फाईल घेऊन आत साहेबांकडे गेला. परत आला तेव्हा म्हणाला, सून आपल्यासोबत राहते आणि आपला सांभाळ करते, एवढं अम्माजींनी लिहून द्यावं. मी लिहिलं, सासूबाईंनी सही ठोकली.

काही दिवसांनी मेल आली. चांगली लांबची मुदत, शिवाय देशाबाहेर जाऊन परत यायची मुभा. वहिनींनी ती मला पुन्हा पुन्हा वाचायला लावली. मग आमच्या दारातच, जिन्याच्या पायरीवर बसल्या.

"भूक लागलीय हो," म्हणाल्या. "किती दिवसांनी लागलीय."

मी थालीपीठं लावत गेले आणि त्या खात गेल्या.

या जानेवारीत वहिनी मनिलाला बहिणीकडे गेल्या आहेत. परतीचं तिकीट काढलेलं आहे. तोवर सासूबाई आमच्याकडे. काल व्हिडिओ कॉल आला. मागे ऊन आणि समुद्र, वहिनी बिनबाह्यांच्या फ्रॉकमध्ये, घामानं चमकत होत्या. इथं रजईत बसलेल्या सासूबाईंनी फोन अगदी नाकाशी धरला. त्यांना नीट दिसतही नाही.

"थंडी फार पडलीय गं. स्वेटर घातलायस ना?"

"घातलाय, आई."

सासूबाईंनी फोन माझ्या हातात दिला आणि रजई डोक्यावर ओढून निवांत झोपल्या.