कणगीत ठेवलेली बॅटरी

आमचे मालक म्हंजे दुकानदारानं चार दाने साखर जास्त घातली तरी घरी येऊन इचार करनार, ह्येनं आपल्याला कशात बुडवलं? जन्म जामखेडकडचा, उमर उसाच्या ट्रॅक्टरवर गेली. कारखान्याच्या तळावर ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चोरीला जायच्या, म्हनून दिवस मावळला की डायव्हर लोक बॅटरी काढून उशाला घ्यायचे. ती खोड हाडात मुरली.

आता आमी नवरा-बायकू पुणतांब्याजवळ पंकजाताईंच्या रानात राखनीला हाय. ताईंचं सोताचं दोन शिटांचं विमान हाय, त्येला पत्र्याची शेड आन म्होरं मुरमाची पट्टी. त्या सोताच चालवतात. आमाला मामा-मामी म्हनतात. मी आजारी पडले तवा सासर-माहेरचं कुनी फिरकलं न्हाई, ताईंनीच दवाखान्यात न्हेलं. त्यांच्यावर माझा लई जीव.

गेल्या थंडीत विमान चालू हुईना. पुन्यावरनं वैजनाथ नावाचा मेस्त्री नवी बॅटरी घेऊन आला. मालकांनी ती उचलून बघितली आन तोंड वाकडं केलं. ट्रॅक्टरची बॅटरी उचलताना कंबर मोडती, ही तर एका हातात! आतनं पोकळ आसंल, असं मला चुलीपाशी येऊन सांगितलं. वैजनाथनं ती बसवली, तपासली, झाकन लावलं, कागदावर सही केली. सकाळी ताई त्येला घेऊनच पुन्याला उडनार हुत्या, म्हनून तो मुक्कामाला ऱ्हायला. माझी हत्यारं शेडमधी हायेत, चावी माझ्याकडं द्या, एवढंच म्हनला. झालं. ह्यांच्या डोक्यात किडा वळवळला, चावी दिलीच न्हाई. पोकळ म्हननारा मानूस आता म्हनाया लागला, चांगली बॅटरी हाय, ह्यो ती काढून न्हेनार.

पाव्हना जेवाय बसला तवर ह्यांनी त्येच्याच पान्ह्यानं झाकन खोलून बॅटरी काढली आन आमच्या ज्वारीच्या कणगीत पुरली. मी म्हनलं, आवं, ह्ये विमान हाय. तर माझ्यावरच डाफरले. तांबडं फुटायला जाऊन परत बसवून आले. नट आवळलं का, मी इचारलं. पान्हा त्येच्या पेटीत, म्हनले, पेटीला त्येनं रातीच कुलूप घातलंय, हातानं गच्च केलंय.

हातानं!

ताई आल्या, विमान भाईर काढलं, वैजनाथ त्यांच्या शेजारी बसला. मी मालकांकडं बघितलं. मान खाली. बोललं तर भाकर जाती, म्हाईत हुतं मला. पन ट्रॅक्टर बंद पडला तर बांधाला उभा ऱ्हातो, विमान कुटं उभं ऱ्हानार? मग मीच पदर खोचला आन पंखा फिरायच्या आत म्होरं जाऊन उभी ऱ्हायले.

"ताई, खाली उतरा. काल मालकांनी बॅटरी काढून घरी आनली हुती. आता नुसती हातानं बसवलीय."

वैजनाथनं झाकन खोललं. नट बोटानं फिरत हुता, बॅटरीचा पट्टा तर लावलाच नव्हता. ताईंनी मालकांना इचारलं, मामा, असं का केलं? ह्यो काढून न्हेईल म्हनून, मालक पुटपुटले.

वैजनाथ आरडला न्हाई. "मामा," त्यो म्हनला, "मी पण याच विमानातून जाणार होतो."

त्येनं सगळं नव्यानं बसवलं, तपासलं, सही केली. ताई लई येळानं उडाल्या. आमची राखन त्यांनी काढली न्हाई, फकस्त शेडला हात लावायचा न्हाई म्हनल्या.

विमान दिसंनासं झाल्यावर मालक माझ्याकडं वळले.

"तू बी त्यांच्यातलीच निघालीस."

लई लागलं मला. एवढा संसार झाला, जगात एका माझ्यावर ह्यांचा इश्वास हुता. तवापासनं मी ताट वाढलं की पयला घास कुत्र्याला टाकतात, कुत्रं शेपूट हालवीपर्यंत थांबतात, मग जेवतात. टाकू द्या. ताई काल बी उडून सुखरूप घरी आल्या.