मोठीआईचं एकच दुखणं

चुलतभाऊ निरोप घेऊन दारात आला... मोठीआई गेली होती. थोरल्या काकांची बायको, पण मला वाढवलं तिनंच. महिना होत आला, अजून पवनीच्या एसटीत तिची खिडकीजवळची जागा रिकामी दिसली तरी तिथं बसवत नाही.

तिच्यासोबत पवनीच्या डॉक्टरांकडे जाणं म्हणजे परीक्षेला जाणं. गावात कुणी आजारी पडलं की तिला सोबत नेत, कारण डॉक्टरांपुढे काय बोलायचं ते ती आजाऱ्याकडून वाटेतच घोकवून घ्यायची. डॉक्टर माणूस म्हणून वाईट नव्हते. पण बाजाराच्या दिवशी ओसरीपासून रस्त्यापर्यंत माणसं, आणि एकाची नाडी हातात असतानाच त्यांची नजर पुढच्याकडे वळलेली. मोठीआई बजावायची, "एकच सांगजो. दोन सांगितल्या त डॉक्टर दोन्ही अर्ध्याच आयकते, अन् औषधाचे पैसे दोन्हीचे घेते." एकच म्हणजे कोणती तक्रार, तर जिच्यानं काम अडतं ती. लहानपणी मी एकदा पोटदुखी सांगून कानदुखी तशीच घरी आणली होती. आम्ही तिला वकिलीणबाई म्हणून चिडवायचो आणि तिलाही ते आवडायचं.

गेल्या वर्षी भाताचा रोवणा, म्हणजे लावणी, तोंडावर आला आणि तिची कंबर धरली. त्याच सुमारास तिच्या अंगावरून जायला लागलं होतं, पाळी बंद होऊन इतकी वर्षं झाल्यावर. हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. चिखलात वाकायचं तर कंबर हवी, म्हणून तिनं डॉक्टरांना कंबर सांगितली. सुई घेतली, गोळ्या आणल्या, रोवणा केला. पुन्हा गेली तेव्हाही कंबरच सांगितली. तिचा नियम तिनं स्वतःसाठीही मोडला नाही, याचा मला आजही राग येतो.

दिवाळीनंतर ती उठेनाशी झाली, तेव्हा नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या आणि कधीपासून, किती, असं एकेक विचारत गेल्या. मोठीआई सगळं सांगत होती, मी पडद्याबाहेर ऐकत होतो... गर्भाशयातला आजार तोवर पार पसरला होता. बाई गेल्यावर मी आत आलो, तर तिचा चेहरा उजळलेला. "इथं पुरं आयकते रे बापू," ती म्हणाली. मला तिच्यासमोर रडू आवरेना.

परवा मी स्वतःच पवनीला गेलो. वाऱ्यात सायकल मारताना हल्ली छाती भरून येते, डावा हात जड होतो. गुडघाही धरतो. दोन्ही सांगायचं, निदान तिच्यासाठी तरी सांगायचं, असं वाटभर ठरवलं होतं. बाकावर शेजारची बाई आपल्या लेकीकडून काहीतरी घोकवून घेत होती. मी ऐकायचं टाळलं. आत गेलो. डॉक्टरांनी माझी नाडी धरली. काय होतंय, त्यांनी विचारलं. नजर माझ्या मागच्या माणसावर होती. सायकल चालवली नाही तर मला शाळेत शिकवायला पोचता येत नाही.

मी गुडघा दाखवला.