टायटॅनियमच्या नावाखाली

नोकरीतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र वेगळे राहिले आणि ते आठवले की अजूनही डोके तापते.

मी तेव्हा पुण्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून बसतो न बसतो तोच सदाशिव पेठेत राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका कुबडीच्या आधाराने आत आल्या. त्यांनी पिशवीतून काचेची बरणी काढून टेबलावर ठेवली. आत धातूच्या पट्टीचे दोन तुकडे होते.

"साहेब, ही प्लेट माझ्या मांडीतून निघाली. हाड मोडलं म्हणून बसवली होती. टायटॅनियमची आहे, जन्मभर टिकेल, म्हणाले. वर्षाच्या आत मोडली. मी काही मल्लखांब करत नव्हते, वरणाला फोडणी देत होते."

दुसऱ्या शस्त्रक्रियेत डॉक्टरांना प्लेटेभोवतीचे मांस काळवंडलेले दिसले. पाय कायमचा आखूड झाला होता.

परिपत्रके अडकवायच्या फळ्यावरून मी चुंबक काढले आणि तुकड्याजवळ नेले. तुकडा चटकन चिकटला. टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही, एवढे मला माहीत होते. बाई नुसत्या त्या चुंबकाकडे पाहत राहिल्या.

अर्थात चुंबकावर खटला उभा राहत नाही. फिर्याद नोंदवली, पंचांसमोर तुकडे सील केले आणि प्रयोगशाळेकडे पाठवले. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचा जबाब घेतला. प्लेट सीलबंद पाकिटातून आली होती, त्यावर परदेशी कंपनीचे नाव होते, असे त्यांनी सांगितले. ते स्वतःही हादरले होते. दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला.

"साहेब, एक गोष्ट आठवली. ही प्लेट ज्याने पुरवली, त्या पुरवठादाराच्या आईचं ऑपरेशन मीच केलं होतं. तेव्हा त्याने स्वतःचा माल दिला नाही. दुसऱ्या विक्रेत्याकडून प्लेट आणली. मला तेव्हा नवल वाटलं होतं, पण विचारलं नाही."

एवढी खबर मला पुरेशी होती. पुरवठादाराला चौकशीला बोलावले. माणूस धातुशास्त्राचा पदवीधर, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणे गोड. बसल्याबसल्या त्याने माझी शिकवणीच सुरू केली.

"आपल्याला कल्पना नसेल साहेब, धातूंचे मुळात दोन वर्ग. लोखंड असलेले आणि लोखंड नसलेले. लोखंडात क्रोमियम मिसळलं की स्टेनलेस स्टील होतं. पण त्यातही जाती आहेत. भांड्यांचं वेगळं, शरीरात घालायचं वेगळं. टायटॅनियम तर हलकं, न गंजणारं, हाडाला मानवणारं. आमचा माल एक नंबर. बाईंनीच लवकर वजन टाकलं असणार."

मी बोलू दिले. हुशार माणसाला चौकशीत अडवायचे नसते. तो थांबल्यावर विचारले, "आईला कोणती प्लेट बसवली?"

त्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"तुमचा माल एक नंबर आहे ना? मग आईला का नाही बसवला?"

तो हळूच म्हणाला, "आई ती आई, साहेब."

माझे हात शिवशिवले. पण हात उचलला असता, तर त्याच्या वकिलाने त्याचेच भांडवल केले असते. मी हवालदाराला फक्त जीप काढायला सांगितले.

अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकांना आणि पंचांना सोबत घेऊन आम्ही बिबवेवाडीतल्या त्याच्या वर्कशॉपवर छापा घातला. तिथे एका बाजूला जिन्यांचे कठडे बनत होते आणि दुसऱ्या बाजूला त्याच स्वस्त स्टीलमधून हाडांच्या प्लेटा कापल्या जात होत्या. घासून, टायटॅनियमसारखा निळसर मुलामा देऊन त्यांच्यावर परदेशी नाव कोरायचे यंत्र होते. वेफर्सचे पुडे बंद करतात तसल्या मशीनवर पाकिटे 'निर्जंतुक' होत होती! पंचनामा लिहिताना आमच्या लेखनिकाची लेखणी दोनदा थांबली. त्याच्या वडिलांच्या पायात नुकतीच प्लेट टाकली होती.

प्रयोगशाळेचा अहवालही तेच सांगत होता. दवाखान्यादवाखान्यांतून फिरून आम्ही न वापरलेला माल जप्त केला. आधीच माणसांच्या अंगात गेलेल्या सगळ्या प्लेटांचा शोध मात्र कधीच लागला नाही. आजही कोणी शहरात लंगडताना दिसले की मनात पाल चुकचुकते.

कोर्टात बचावाच्या वकिलाने बाईंना विचारले, "आपण पायावर वजन टाकलंत, हे खरं ना?"

"टाकलं की. पाय त्यासाठीच असतो, अशी माझी समजूत होती," बाई म्हणाल्या.

शिक्षा झाली. मग अपील झाले, जामीनही झाला. तो माणूस बाहेर आहे आणि बाईंचा पाय आखूडच आहे.

या प्रकरणाने मला जे शिकवले, ते पुढे प्रत्येक भेसळीच्या तपासात खरे ठरले. तोवर मी समजत असे की असली माणसे हावेपायी आंधळी होतात. मुळीच नाही. भेसळ करणाऱ्याला शुद्ध माल आपल्यापेक्षा चांगला ओळखता येतो. तो त्याने आपल्या घरच्यांसाठी राखून ठेवलेला असतो.